काळं न होणारं तेल

उदगीरला मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, ते अप्पा तेल चाखून बघायचे. करडईचं, शेंगदाण्याचं, जवसाचं, अंबाडीचं. करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. इथपर्यंत ठीक होतं, कारण त्यांची तेलाची गिरणी होती आणि मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांच्या जिभेला मान होता. पण हा माणूस मोटारीचं तेलसुद्धा चाखायचा. पेट्रोलपंपावर उभं राहून, चारचौघांत, करंगळी डब्यात घालून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. नाही हो. डोकं शाबूत होतं, तीच तर अडचण होती.

त्या वर्षी दुष्काळ होता. करडई हातभर वाढून वाळून गेली होती आणि गिरणीला कुलूप होतं. एरवी अप्पांचा सगळा हुशारपणा गिरणीत खर्च व्हायचा. हमाल, गाडीवान, दलाल सगळे तो वाटून घ्यायचे, त्यामुळं एकेकाच्या वाट्याला सोसवेल इतकाच यायचा. गिरणी बंद झाल्यावर तो सगळाच्या सगळा घरात आला. घरात कोण? त्यांची एकुलती एक मुलगी गिरिजा, माडीवर मी, आणि वाड्याच्या फाटकात पत्र्याखाली उभी असलेली काळी मोटार. गिरिजाची आई ती लहान असतानाच गेली होती. मी नांदेडची, कन्याशाळेत भूगोल शिकवायचे, आणि माझी जीभ तिखट आहे हे अप्पांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग उरली मोटार. ती बिचारी काय बोलणार!

मोटार कुण्या जहागीरदाराकडून घेतलेली होती. दर सोमवारी आंघोळ करून अप्पा आपल्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि तसेच तीन बॉनेटवर. गावात एवढीच एक मोटार माणसासारखी दिसायची. धोतर मात्र त्यांचं मोटारीपेक्षा स्वच्छ. गल्लीत टँकर आला की बायका घागरीवरून भांडायच्या, मीही भांडायचे, आणि आमच्या त्या पाण्यातून गिरिजा रोज अप्पांचं धोतर धुवायची. मी एकदा म्हटलं, "अप्पा, एक दिवसाआड घाला की."

"बाई, तेलाचा धंदा हाय आमचा," अप्पा म्हणाले. "धोतराला डाग दिसला की गिऱ्हाईक म्हनतंय, मालात घाण हाय."

"पण गिरणी बंद आहे."

"गिऱ्हाईकाचे डोळे बंद हायत का?"

असं बोलणं. ऐकून डोकं भणभणायचं.

आता मोटारीचं दुखणं सांगते. अप्पांनी ती मोटार घेतल्यापासून इंजिनातलं तेल एकदाही बदललं नव्हतं. कमी झालं की वरून घालायचे. माझे वडील नांदेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळं तेल बदलणं म्हणजे आमच्या घरी दात घासण्याइतकी साधी गोष्ट. मी तसं म्हणाले तर अप्पांच्या अंगावर काटाच आला.

"तेल फेकून द्यायचं? बाई, तेल कुनी फेकतंय का? पाप लागल की!"

पाप लागायचं ते लागलंच. मोटार धूर सोडायला लागली, चढावर दमायला लागली, तेव्हा मिस्त्रीनं इंजिनाचं वरचं झाकण काढलं. आत काळा, घट्ट लगदा बसला होता. गुऱ्हाळातल्या कढईच्या बुडाला राहतो ना, तसा. बोटानं खरवडून काढावा इतका. अप्पांनी तो हातावर घेतला, वास घेतला, आणि देवाची शपथ, जिभेपर्यंत नेला होता. गिरिजानं हात धरला म्हणून बरं.

झालं. त्या दिवसापासून घरात एकच विषय. हा लगदा कुठल्या तेलानं निघेल? पंपावर चौकशी, ट्रकवाल्यांकडं चौकशी, बिदरच्या नातेवाइकांकडं चौकशी. डबे यायला लागले. आणि आलेल्या प्रत्येक तेलाची परीक्षा अप्पा खायच्या तेलासारखी घ्यायचे. तळहातावर चोळून बघायचे. पांढऱ्या फडक्यावर थेंब टाकून फडकं उन्हात धरायचे. एकदा तर वात करून मोटारीच्या तेलाचा दिवा लावला. किती धूर निघतोय ते बघायला! ओसरीचं आढं काळं झालं, शेजारच्या बायका आग लागली म्हणून धावत आल्या, आणि ह्यांचा निकाल काय, तर "वास उग्र हाय, माल ताजा दिसत न्हाई."

शेवटी पंपवाल्यानं एक चांगलं तेल दिलं. आतला मळ सोडवणारं. वडील डेपोत त्याच जातीचं तेल वापरायचे, म्हणून मीही म्हटलं, हे घाला. अप्पांनी घातलं, किल्ल्यापर्यंत फेऱ्या मारल्या, आणि दोन-चार दिवसांनी तेल बघायची पट्टी बाहेर ओढली. ती लांब लोखंडी पट्टी इंजिनात बुडवलेली असते, तेल किती आहे ते तिच्यावर कळतं. पट्टीवरचं तेल काळंकुट्ट झालं होतं.

अप्पा संतापले. बाटलीत ते काळं तेल भरून तडक पंपावर. मी शाळेतून येत होते, गर्दी बघून थांबले. अप्पा बाटली उंच धरून ओरडत होते, "भेसळ! सरळ सरळ भेसळ! आमचं करडईचं तेल कपाटात ठिवा, पुढच्या वर्सी काढा, रंग बदलला तर गिरणी पेटवून देतो. आन् हे चार दिवसांत काळं?"

पंपवाला गरीब होता, तो "अप्पा, अप्पा" करत राहिला. मला राहवेना. पुढं होऊन म्हटलं, "अप्पा, तेल काळं झालं म्हणजे ते मळ काढतंय. धोतर धुतल्यावर पाणी काळं होतं, मग काय साबणात भेसळ असते?"

लोक हसले. अप्पा माझ्याकडं वळले. वळताना आधी रुमाल नीट केला. त्यांच्या डोक्याला पांढरा रुमाल असायचा, आमच्याकडं फेट्याला रुमालच म्हणतात. "बाई, धोतराचं पाणी आपन टाकून देतो. हे तेल आत ठिवून गाडी चालवायची हाय. घाण पाणी अंगावर घिऊन फिरता का तुमी?"

"मग टाकून द्या आणि परत नवं घाला. दोन-तीनदा केलं की इंजिन साफ."

"पुन्यांदा तेच! टाकून द्या! बाई, तुमी भूगोल शिकवा."

लोक आता माझ्यावर हसले. अप्पांचं हेच वाईट होतं. माणूस चुकीचा, पण उत्तर तयार.

काढलेलं काळं तेल त्यांनी फेकलं नाहीच. फडक्यातून गाळून डब्यांत भरलं आणि डबे ओसरीवर ओळीनं मांडले. का? तर निवळायला. खायचं तेल ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वर स्वच्छ तेल राहतं, तसं हेही निवळेल. रोज सकाळी पूजा झाली की एकेक डब्यात डोकावायचं. "निवळून राहिलंय," असं मला जाताजाता सांगायचं. काय निवळतंय! मेलेली पाल निघाली एका डब्यात.

मिस्त्री माणूस गोड होता. समोर जो उभा असेल त्याचं खरं म्हणायचा. अप्पा असले की "हाव अप्पा, भेसळच." मी असले की "हाव मॅडम, काळं तर होनारच." गिरिजानं एकदा चिडून विचारलं, "मामा, तुमचं स्वतःचं काय म्हननं हाय?" तर म्हणाला, "बेटी, मेरा क्या, मैं तो पाना पकडनेवाला." एवढं बोलून त्यानं चहा मागितला.

आता लातूरचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिल्हा नवानवाच झाला होता. आधी आमचं सगळं कामकाज उस्मानाबादला चालायचं, तालुक्यातून माणूस जाऊन येईपर्यंत दोन दिवस मोडायचे. जिल्हा लातूरला झाला म्हणून सगळे खूश, फक्त अप्पा सोडून. त्यांच्या मते जिल्हा उदगीरलाच व्हायला पाहिजे होता. "किल्ला कुनाकडं हाय? आमच्याकडं. लातूरला हाय काय? प्यायला पानी तरी हाय का?" पाणी तर उदगीरलाही नव्हतं, पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता. जिल्हा झाल्यापासून त्यांनी लातूरला पाऊल टाकलं नव्हतं. टाकीन तर स्वतःच्या मोटारीतून, असा पण. "येष्टीनं गेलो तर लातूरवाले म्हनतील, उदगीरचं मानूस लोंबकळत आलं."

आणि नेमकं गिरिजाला लातूरचं बोलावणं आलं. नवीन जिल्हा परिषदेत कारकुनांच्या जागा निघाल्या होत्या, लेखी परीक्षा होती. बी. ए. होऊन पोरगी घरात बसली होती. रात्रंदिवस माझ्याकडं येऊन अभ्यास करत होती. एकीकडं भालकीचं स्थळ तयार होतं. मुलगा किराणा दुकानात बसायचा आणि बायकोनं नोकरी करायची नाही असं त्यानं आधीच कळवून टाकलं होतं. अप्पांनी गिरिजाला सांगितलं होतं, "पास झालीस तर नोकरी. न्हाई झालीस तर भालकी. बापाचा शब्द हाय." शब्द पाळणारा माणूस, त्याबद्दल मी नाव ठेवणार नाही. पण त्या शब्दाला शेपूट होतं. परीक्षेला जायचं ते मोटारीनं. येष्टीनं नाही.

मी म्हणाले, "अप्पा, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. पहाटेच्या गाडीनं मी घेऊन जाते तिला."

"बाई, इंजन साफ करून राहिलोय म्या. तवर हुतंय समदं."

हट्टाला पेटले होते. मिस्त्रीनं त्यांना पाहिजे तसं तेल कुठूनतरी आणून दिलं. साधं, जाड, पिवळं, मळाला हातसुद्धा न लावणारं. अप्पांनी ते घातलं, फेऱ्या मारल्या, पट्टी ओढली. पिवळंच! अप्पांनी पट्टी गल्लीभर फिरवली, प्रसाद वाटावा तशी. "बगा, ह्याला म्हनतेत माल! आतला लगदा कुटं गेला कळला बी न्हाई!"

"कुठं गेला नाही, आहे तिथंच बसलाय," मी म्हटलं. ऐकतंय कोण!

एवढ्यावर थांबले असते तर अप्पा कसले? परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या गिरणीचं, कपाटात जपून ठेवलेलं करडईचं तेल काढलं आणि मोठा तांब्या भरून इंजिनात ओतलं. पोट साफ व्हायला. गिरिजा भाकरी टाकून बाहेर आली.

"अप्पा, ते कढईत तापलं की चिकट हुतंय. कडंला कसं बसतंय बगा, घासून निघत न्हाई."

"तुझ्या हातचं हुतंय चिकट. माझं डबल गाळलेलं हाय."

पोरगी परत भाकरीकडं गेली. मला त्या दिवशी त्या माणसाचा खरंच राग आला, अगदी मनापासून. चुलीपाशी बसून गिरिजा पाठ केलेलं पुन्हा पुटपुटत होती आणि मध्येच थांबून विचारायची, "बाई, गाडी पोचल न्हवं?"

सकाळी निघालो. बॉनेटवर विभूती, अप्पांचं धोतर बर्फासारखं, नवा रुमाल, गल्ली निरोप द्यायला उभी. "पोरीसंगं बाईमानूस पायजे" म्हणून मला मागं बसवलेलं. नळेगाव गेलं आणि गाडीत स्वयंपाकघराचा वास यायला लागला. भजी तळताना तेल जास्त तापलं की येतो तो. मग समोरचा तेलाचा लाल दिवा लागला.

"अप्पा, लाल दिवा लागलाय. गाडी थांबवा," मी ओरडले. वडिलांनी लहानपणी एवढं तरी शिकवलंच होतं.

"लागू द्या. लाल दिवा सायबाच्या गाडीला असतोय."

थोड्या वेळानं आतून कुणीतरी घणानं ठोकल्यासारखे आवाज आले आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. दोन्ही बाजूला भेगाळलेलं काळं रान, झाड नाही, झुडूप नाही. अप्पा खाली उतरले, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बगा बाई, बगा! सोनं हाय सोनं! थेंबभर काळं न्हाई!"

"गाडी बंद पडलीय, अप्पा!"

"पर तेल तर बगा!"

गिरिजा रस्त्याच्या कडेला उभी होती. हातात पेन आणि पुठ्ठा. लातूरची येष्टी आली, दाराला माणसं लोंबकळत होती, थांबली नाही. लातूरकडं निघालेली एक जीप आली, तीही भरलेली. मी मनात अप्पांना काय काय शिव्या दिल्या ते शिक्षिकेनं लिहू नये.

मग लांबून टँकर दिसला. त्या दिवसांत टँकरवाले रस्त्यात कुणासाठी थांबत नसत. थांबले की लोक तोटी सोडून पाणी घ्यायचे. हाही हॉर्न वाजवत सुसाट येत होता. अप्पा धोतर सावरत रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले, एका हातात ती पिवळी पट्टी. मी किंचाळले. टँकरचे ब्रेक कर्कश वाजले आणि तो त्यांच्या पोटापाशी येऊन थांबला.

"ओ काका, मरायचं हाय का?" ड्रायव्हर बाहेर डोकावून ओरडला. "रिकामा हाय टँकर! भरायला चाललोय लातूरला! पानी न्हाई!"

"पानी नगं," अप्पा म्हणाले. "बॉनेट उघड."

"काय?"

"तेल बघायचंय. माझी पोरगी बसनार हाय तुझ्या गाडीत."

ड्रायव्हर इतका गोंधळला की त्यानं खरंच उघडलं. अप्पांनी पट्टी ओढली. काजळ! अप्पांनी ती आपल्या पट्टीशेजारी धरली. एक पिवळी, एक काळी. मान हलवली.

"न्हाई. हे इंजन घाणीनं भरलंय. वाटंत बंद पडल. गिरजे, बसायचं न्हाई ह्यात. दुसरी गाडी बघू."

ड्रायव्हर म्हणाला, "काका, रोज तीन खेपा करून राहिलोय म्या. तुमची कुटं चालली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात गिरिजा बोलली. बापापुढं आवाज चढवलेला मी तिचा कधी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही चढवला नाहीच. फक्त सरळ बघून म्हणाली, "अप्पा, ह्याचं तेल काळं हाय, पर ही गाडी चालू हाय. मला लातूरला जायचंय. भालकीला न्हाई."

मला वाटलं, आता अप्पा हात उगारतात की काय. पण त्यांनी डोक्यावरचा नवा रुमाल सोडला, केबिनमध्ये चढले आणि सीटवरची धूळ, ग्रीस, सगळं त्या रुमालानं पुसून काढलं. मग खाली उतरून ड्रायव्हरला दटावलं, "सावकास चालव. आन् लातूरला गेल्यावर तेल बदल."

आम्हा दोघींना घेऊन टँकर निघाला, अप्पा मोटारीपाशीच राहिले. गिरिजा थोडा वेळ रडली, मग हसायला लागली. "बाई, एक सांगू? गाडी बंद पडली ते बरं झालं. न्हाईतर अप्पा आत पेपरला बी येऊन बसले असते." आम्ही परीक्षेच्या जागी फाटकावर पोचलो तेव्हा दार लावत होते. तिथल्या शिपायाशी मी अशी भांडले की आतून साहेब बाहेर आले, आणि गिरिजाला बसू दिलं.

ती पास झाली. लातूरलाच नेमणूक मिळाली. भालकीवाल्यांना निरोप अप्पांनी स्वतः धाडला, शब्दाप्रमाणं. मोटारीचं इंजिन आतून जाम झालं होतं, वर चिकट पिवळा थर. मिस्त्री म्हणाला, हाव अप्पा, माल चांगलाच व्हता, लोखंडच कच्चं. अप्पांना ते लगेच पटलं.

पुढं गिरिजानं ऑफिसातल्याच एका मुलाशी लग्न केलं, पोरगी झाली. तोवर माझी बदली नांदेडला झाली होती. बारशाला मी लातूरला गेले. नातीसाठी लातूरचा पण मोडून आलेले अप्पा बैठकीत मधोमध बसलेले, धोतर तसंच पांढरं, भोवती गिरिजाच्या ऑफिसातली माणसं, आणि अप्पा रंगात येऊन सांगतायत, "ह्या नोकरीला म्या आनून सोडली पोरीला! स्वतःच्या मोटारीतनं! येष्टीनं न्हाई!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अप्पा, लाज वाटू द्या हो थोडी! मोटार नळेगावापुढं मेली तुमची. तुमच्या त्या तेलापायी पोरीचा जन्म वाया जात होता. टँकरनं आलो आम्ही, रिकाम्या टँकरनं!"

अप्पांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं.

"हाव. टँकरनं," ते म्हणाले. "आन् त्यो थांबवला कुनी, बाई?"

त्या रस्त्यावर सुसाट येणाऱ्या टँकरपुढं मी गेले नव्हते. मी कडेला उभी राहून किंचाळत होते.

गिरिजा लेकीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "सांगा की, बाई," ती म्हणाली. हसत नव्हती. "कुनी थांबवला?"

"अप्पांनी," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणावं लागलं.